हाताची तारीख

खेळ लाकडी फळीवर होता आणि माणसं पुठ्ठ्याची होती, हे आधीच सांगून टाकतो. मी काही फार मोठ्या कामाला निघालो होतो असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

अमरावतीच्या एका हायस्कुलात मी इतिहास शिकवत होतो. चीनशी लढाई होऊन वर्ष झालं होतं आणि गावात जो तो बंदुकांबद्दल बोलत होता. न्हाव्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना कुठली रायफल किती लांब मारते ते ठाऊक झालं होतं. आमच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात युद्धाचा खेळ पाहिला आणि तसाच आपण करायचा म्हणून चित्रकलेच्या वर्गातली मोठी फळी पळवली. तिच्यावर त्यांनी ब्रह्मदेशाचा नकाशा काढला, नद्या निळ्या आणि डोंगर तपकिरी. सैन्य म्हणून पुठ्ठ्याचे चौकोन कापले, प्रत्येकावर तुकडी आणि तिच्याजवळचं हत्यार लिहिलं. दर रविवारी दुपारी आम्ही चौघे मास्तर त्या फळीभोवती बसून फासे टाकायचो आणि दुसरं महायुद्ध पुन्हा लढायचो. मास्तर मंडळींना दुसऱ्याच्या चुका काढायची सवय असतेच, त्यामुळे फासे कमी पडत आणि भांडणं जास्त होत.

सगळ्यात मोठं भांडण हत्यारांच्या सालावरून झालं. १९४२ च्या माघारीचा डाव होता. नदीवर एक पूल, पुलाअलीकडे आपलं सैन्य, मागून जपानी येताहेत. भूगोलाच्या मास्तरांनी पुलाच्या तोंडाशी एक चौकोन ठेवला, त्यावर 'स्टेनगन' लिहिलेलं. स्टेन म्हणजे नळाच्या तुकड्यासारखी दिसणारी छोटी, धडाधड गोळ्या सोडणारी बंदूक. ती पटावर असली तर पूल टिकत होता, नसली तर पडत होता. मी म्हटलं, त्या साली ती आपल्या शिपायांकडे कुठे होती? ते म्हणाले, विलायतेत निघाली होती ना? मग झालं. दोघेही इरेला पेटलो आणि शेवटी नियम ठरला की जे हत्यार ज्या साली शिपायाच्या हातात पडलं, त्याच्या आधी ते पटावर येणार नाही. साल शोधायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मला ते काम फार आवडलं, हे कबूल करतो. वर्गात मी शिकवायचो त्यातलं निम्मं मला खरं वाटत नसे. इथे मात्र खरं-खोटं निवडता येत होतं. रद्दीवाल्याकडून जुनी सचित्र साप्ताहिकं आणली. सुट्टीत नागपूरला जाऊन वाचनालयांत बसलो. तेव्हा कळलं की प्रत्येक हत्याराला तीन तारखा असतात. एक कागदाची, म्हणजे सरकारने मंजूर केल्याची. दुसरी कारखान्याची. आणि तिसरी, पुस्तकात जवळजवळ कधीच न सापडणारी, शिपायाच्या हातात पडल्याची. तिला मी 'हाताची तारीख' म्हणायचो. पहिल्या दोन तारखा कोणीही शोधेल, तिसरी मीच, असा मला ताठा चढला होता. परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका कापून मी कार्डं केली होती आणि ती बुटांच्या खोक्यात ठेवत असे.

हाताच्या तारखेसाठी मी अकोल्याला जायचो. तिथे माझी बहीण राहत होती, त्यामुळे मुक्कामाची सोय होती. महिन्याच्या ठरावीक दिवशी पेन्शनवाले जुने शिपाई ट्रेझरीसमोर जमत आणि नंबर लागेपर्यंत लिंबाखाली बसून राहत. पहिल्यांदा मी वही-पेन्सिल घेऊन गेलो आणि साल विचारलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. "साल कोनाले याद रायते मास्तर? आमाले काय तारखा लिवाले पाठवलं होतं काय?"

मग मी युक्ती बदलली. ही बंदूक हाती आली तेव्हा घरून शेवटचं पत्र कशाचं आलं होतं, असं विचारू लागलो. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असायचं. बहिणीचं लग्न ठरलं. बापाने विहीर खोदली, पाणी लागलं नाही. चुलता वारला. मग मी त्या गावी जाऊन लग्नाचं, विहिरीचं, चुलत्याचं साल विचारून घ्यायचो, आणि तिकडे ब्रह्मदेशात बंदूक कधी पोचली ते इकडे वऱ्हाडात कळायचं. भूगोलाचे मास्तर पोट धरून हसायचे. "विलायती तोफेची तारीख हा माणूस हिवरखेडच्या लग्नावरून काढतो!" पण तारखा बरोबर निघत. दोन-तीनदा मी त्या पुस्तकांशी ताडून पाहिल्या आणि मग तर मला शिंगंच फुटली.

त्याच लिंबाखाली मला तो हवालदार भेटला. उंच, वाळका, पंचेचाळिशीचा, पण साठीचा दिसणारा. पातूरकडचा. बोलायचा कमी. मी स्टेनचा विषय काढला तेव्हा बाकीचे म्हणाले, याले इचारा, याच्या दोस्ताची गोष्ट आयका. हवालदार नको नको म्हणत होता, पण इतरांनी सोडलं नाही.

"गावचाच होता," तो म्हणाला. "संगंच भरती झालो. पुलाच्या तोंडाशी बसला गडी, स्टेनगन घेऊन. आमी साऱ्याइनं नदी पार केली, तवरिक त्यानं जपान्याले मान वर काढू देल्ली नाही. मंग तिथंच राह्यला."

माझ्या अंगावर काटा आला. त्या दोस्तासाठी नव्हे. पूल, नदी, माघार आणि स्टेन! स्टेन माघारीनंतर आली असं सांगणारं माझं कार्ड चुकीचं ठरत होतं, किंवा मग आजवर कोणाला न सापडलेली तारीख माझ्या हाती लागत होती. मी विचारलं, ती बंदूक मिळाली तेव्हा घरून कशाचं पत्र आलं होतं?

हवालदार जमिनीकडे पाहू लागला. "काईच नोतं आलं," तो म्हणाला. मी त्याच्या दोस्ताच्या घरी कोण असतं ते विचारलं. तेव्हा त्याने मान वर केली. "तिकडं जाऊ नोका मास्तर. म्हातारी माय एकटी हाये. तिच्यापाशी थेवढंच हाये."

माणसाने यावरून काय समजायचं? शहाण्याने समजायचं ते मी समजलो नाही. मला वाटलं, तिथे नक्की काहीतरी कागद आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण रिकामा बैल निदान कोणाच्या शेतात घुसत नाही. मी घुसलो. गावाचं नाव दुसऱ्या पेन्शनवाल्याकडून काढून घेतलं आणि दसऱ्याच्या सुट्टीत, नेमकी दसऱ्याच्याच दिवशी, पातूरची एसटी पकडली.

फाट्यावर उतरून दोन मैल चालत जावं लागलं. ज्वारी कमरेच्या वर आली होती आणि ऊन भाजत होतं. गावात शिरल्यावर मी विचारलं तर लोक म्हणाले, "बंदूकवाली माय? थे काय, शेवटचं घर." नवरा कधीच गेलेला, जमीन नाही, दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून जगणारी ती बाई, पण तिचं नाव सांगताना कोणी आवाज खाली केला नाही. गावात पुष्कळ विधवा होत्या. बंदूकवाली माय एकच होती.

अंगण सारवलेलं होतं. सात-आठ माणसं पांढरे कपडे घालून बसली होती. वंदना नुकतीच झाली असावी. छप्पन्न साली त्या वस्तीने धम्म घेतला तेव्हा घरोघरचे देव विहिरीत गेले होते. म्हातारीच्या घरीही फळीवर आता बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्या खाली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, एक लाकडी बंदूक.

तिची हकिकत मला शेजारच्या माणसाने तिथेच सांगितली. लढाई संपून हवालदार परत आला, म्हातारीला तिच्या पोराची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, कशी होती ती बंदूक? त्याने गावच्या सुताराला सगळं समजावून बाभळीची एक करून घेतली. आधी ती देवांच्या शेजारी असायची आणि दसऱ्याला तिला हळद-कुंकू लागायचं. देव बुडवले त्या दिवशी वस्तीतले कर्ते लोक म्हणाले, हे पण बुडव माय, ही पण मूर्तीच. ती म्हणाली, "देव मी बुडवले. पोरगा नाही बुडवत." पुढे तिला कोणी काही बोललं नाही. हळद-कुंकू बंद झालं. पण दरसाल विजयादशमीला हवालदार यायचा, फडकं सोडायचा, आणि ती पोराची गोष्ट पुन्हा ऐकायची.

म्हातारीने सगळ्यांना आत बोलावलं आणि मला खाटेवर बसवलं. "पानी चालते ना मास्तर आमच्या घरचं?" तिने विचारलं. मी घटाघट प्यायलो आणि आपण किती मोठ्या मनाचे, असं मला वाटलंही. तेवढ्यात हवालदार आत आला. मला पाहून तो दारातच थांबला. मग काही न बोलता खाली बसला.

त्याने गोष्ट सांगितली. लिंबाखाली सांगितली होती त्याहून थोडक्यात, आणि मध्येमध्ये माझ्याकडे पाहत. म्हातारी ओठ हलवत होती. तिला प्रत्येक शब्द पाठ होता. "मान वर काढू देल्ली नाही" हे वाक्य दोघांनी एकदमच म्हटलं.

लाकडी बंदूक हातोहात माझ्याकडे आली. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि थक्क झालो. नळी, मागचा दांडा आणि गोळ्यांची पेटी डाव्या अंगाला आडवी निघालेली. इतर बंदुकांची पेटी खाली लोंबते, स्टेनची बाजूला असते. कधी बंदूक न पाहिलेल्या सुताराने ती चोख उतरवली होती. मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे. ही स्टेनच." म्हातारी हसली. हवालदाराने श्वास सोडला. तो मला ऐकू आला होता, आणि तरीही मी थांबलो नाही.

मी म्हातारीला विचारलं, सरकारचा काही कागद आहे का? ती खूश झाली. कित्येक वर्षांत तो कोणी मागितला नव्हता. पत्र्याच्या डब्यातून तिने तो काढून दिला. घड्यांवर फाटलेला, इंग्रजी. तिला वाचता येत नव्हता, गावात कोणालाही येत नव्हता. पोस्टमनने त्या वेळी अर्थ सांगितला तेवढाच. मी वाचला. पोरगा मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशात बेपत्ता झाला होता. तो रस्ते बांधणाऱ्या तुकडीत होता.

मला आनंद झाला. खरं ते लिहिलं पाहिजे. माझं कार्ड बरोबर होतं, याचा मला आनंद झाला. फळ्यावर एखाद्या विद्यार्थ्याचं गणित खोडताना लागतो त्या आवाजात मी म्हणालो, "पण मग हे जमत नाही. बेचाळीसच्या मार्चमध्ये ही बंदूक आपल्या शिपायांकडे आलेलीच नव्हती. आणि रस्त्याच्या तुकडीला तर ती मिळणारच नाही."

कोणी काही बोललं नाही. मागे बसलेला एक तरणा गडी फस्सकन हसला आणि मग त्यालाच लाज वाटली असावी, तो उठून गेला. हवालदार स्वतःच्या तळहाताकडे पाहत होता.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, कारण कागद वाचता येणारा मी होतो. "मंग माह्या पोराच्या हातात काय होतं?" तिने विचारलं.

मला एक उत्तर देता आलं असतं. त्या साली त्या मुलखात आपल्या काही तुकड्यांकडे टॉमी गन, म्हणजे स्टेनसारखीच धडाधड गोळ्या सोडणारी अमेरिकन बंदूक, होती. माझ्याच कार्डावर, माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. स्टेन नसेल माय, टॉमी गन असेल, हवालदारांना नाव चुकीचं आठवलं, एवढं म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. ते माझ्या डोक्यात आलं होतं. पण टॉमी गनची पेटी खाली असते, आणि माझ्या मांडीवरच्या लाकडाची बाजूला होती. शिवाय रस्त्याच्या तुकडीला टॉमी गन तरी कोण देणार? जुळत नव्हतं. मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही."

मग हवालदार बोलला.

"काई नोतं, माय. आमाले कुदळ-फावडे होते. तेही रस्त्यात फेकले." त्याचा आवाज एकदम सपाट झाला होता. "त्याले हगवन लागली. ताप होता. दोन दिवस मी त्याले पाठीवर घेतलं. तिसऱ्या दिवशी माह्याच्यानं होईना. झाडाखाली ठेवलं. त्यानं माहा हात धरला. म्हने, मले सोडून जाऊ नोको. मी म्हनलं, पानी आनतो."

तो थांबला. म्हातारी वाट पाहत राहिली.

"सोडेना," तो म्हणाला. "एकएक बोट सोडवलं मी त्याचं."

अंगणात कोणाची तरी कोंबडी फिरत होती. मग म्हातारीने विचारलं, "गरम होता काय हात?"

"हो माय."

"मंग जित्ता होता."

हवालदाराने मान हलवली.

ती उठली. माझ्या मांडीवरून तिने ती लाकडी बंदूक घेतली. पांढऱ्या फडक्याची घडी करून ते तिने फळीवर ठेवलं आणि बंदूक बाहेर, दाराशी खराटा टेकवलेला होता तिथे, त्याच्या शेजारी टेकवली. मग आत जाऊन चुलीपाशी पाठमोरी बसली. एकेक करून माणसं गेली. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. माफ करा असं काहीतरी म्हटलं असावं, आणि ते कोणी ऐकलं नाही. हवालदार तिथेच बसून होता. फाट्याकडे चालताना मी तीनदा मागे वळून पाहिलं, तो दिसला नाही.

अमरावतीला आल्यावर भूगोलाच्या मास्तरांनी पहिला प्रश्न केला, "काय निघालं? स्टेन होती की नाही?" मी म्हटलं, नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुठ्ठ्याचा तो चौकोन पटावरून काढला. रविवारी डाव झाला. पूल पडला. ते म्हणाले, हरलो, पण खेळ खरा झाला. मला तिथे बसवेना. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ते फासे गोळा करत म्हणाले, "तू खोटं तर काही बोलला नाहीस." त्यांनी माझी समजूत घातली होती. मला मात्र त्यांचा राग आला. खोटं बोललो नाही, हाच तर माझा गुन्हा होता आणि त्यावर कुठलंही कलम लागत नव्हतं.

बुटांचं खोकं मी माळ्यावर टाकलं. ट्रेझरीसमोर जायचं टाळलं. बहिणीकडे गेलो तरी त्या रस्त्याने जात नसे.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मेव्हण्याच्या कामासाठी ट्रेझरीत जावंच लागलं. पेन्शनचा दिवस होता. लिंबाखाली माणसं होती, आणि जरा बाजूला, एकटा, हवालदार. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करून पुढे जाणार होतो. त्यानेच हाक मारली. "मास्तर."

मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. म्हातारी कशी आहे, असं विचारलं.

"हाये," तो म्हणाला. "आधी सालातून एक डाव बोलवे. आता दर महिन्याले बोलावते. झाड कशाचं होतं इचारते. सावली होती का, पानी किती दूर होतं. मले झाडाचं नाव याद नाही. काय सांगू तिले? मांगल्या डावाले म्हनलं, लिंबाचं होतं. आता लिंब पाह्यला का रडते."

आतून नंबर पुकारत होते. हवालदाराने खिशातला पेन्शनचा कागद काढून हातात धरला आणि उठायच्या आधी, माझ्याकडे न पाहता, विचारलं.

"मास्तर, हे बाकीचे म्हनतात, टॉमी गन होती ना थ्या साली? कोनाकोनापाशी?"

"होती."

"मी टॉमी गन म्हनलो असतो, अन् सुतारालेबी तसंच सांगतलं असतं, त चाललं असतं काय?"

मी म्हटलं, "चाललं असतं."

त्याने मान हलवली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.